डाव्या हाताचं प्रशिक्षण

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार आहेत ते बेलापूरच्या शाळेतल्या आमच्या विज्ञानाच्या बाईंचे. आमच्या घरात दहावीपुढे कुणी गेलं नव्हतं. नर्सिंगच्या प्रवेशाचा अर्ज बाईंनीच आणला आणि "पुरुषाचं काम हाय व्हय हे?" म्हणणाऱ्या माझ्या वडिलांना त्यांनीच गप्प केलं. आज मी नगरजवळच्या एका मनोरुग्णालयात ब्रदर आहे. काही नवीन शिकलो, की प्रमाणपत्राचा फोटो बाईंना पाठवतो. त्या तो शाळेच्या सूचनाफलकावर लावतात. म्हणून 'रुग्णांच्या हिंसक वर्तनाचा प्रतिबंध' या विषयावर प्रशिक्षण आहे असं कळल्यावर मी आदल्या दिवशीच शर्टाला इस्त्री करून ठेवली.

प्रतिबंध म्हणजे एखादी गोष्ट घडूच न देणं, एवढं मराठी मला येतं. पुण्याहून आलेल्या प्रशिक्षकांना ते येत नसावं. आधी दीपप्रज्वलन झालं. पंखे बंद करायचं कुणालाच न सुचल्यामुळे ते बराच वेळ चाललं. मग शाल, नारळ, सत्कार आणि सत्काराला उत्तर. त्यानंतर थेट माणूस आडवा कसा पाडायचा, यालाच सुरुवात झाली. चौघांचा एक गट, प्रत्येकाच्या वाट्याला रुग्णाचा एक हात नाहीतर पाय. मला डावा हात मिळाला.

रुग्ण म्हणून आमच्या वॉर्डातल्या जुन्या परिचराला, मामांना, उभं केलं. मामांचा जन्म मनोरुग्णांची सेवा करण्यात गेला. पण त्यांनी केस विस्कटले, डोळे फिरवले आणि सिनेमातल्या वेड्यासारखे खदाखदा हसत ते आमच्या अंगावर धावून आले. असा रुग्ण आमच्याकडे आजवर एकही आलेला नाही. प्रशिक्षक मात्र खूश.

"मामा, घरी बी असंच करता का?" सफाईच्या मावशींनी मागून विचारलं.

"घरी मलाच धरत्यात," खाली दाबलेल्या मामांनी सांगितलं.

मी हात वर केला. "सर, रुग्ण चिडतो कशामुळे, ते कधी घेणार?"

"ते छापील कागदांत दिलंय. तुम्ही डाव्या हाताकडे लक्ष द्या."

वॉर्डात पारनेरकडचा एक शेतकरी होता. हा आठवडा शांततेत गेला तर शनिवारी घरी सोडू, असं डॉक्टरांनी त्याला सांगितलं होतं. तो अगदी जपून वागत होता. दुपारी चार वाजता, लेक शाळेतून आली की, तिच्याशी फोनवर बोलायचं, एवढंच त्याचं मागणं. वॉर्डाचा फोन कपाटात असतो. कपाटाची किल्ली सिस्टरांच्या पर्समध्ये, आणि त्या दिवशी पर्ससकट सिस्टर पहिल्या रांगेत. हिंसा टाळायला शिकवायचं म्हणून सगळ्यांना हॉलमध्ये बसवलं होतं आणि वॉर्डात एकच परिचर ठेवला होता.

साडेचारला वॉर्डाचं लोखंडी दार वाजायला लागलं. आवाज हॉलपर्यंत आला. प्रशिक्षकांचा चेहरा उजळला. "चला! प्रत्यक्षच करून दाखवू."

आम्ही चौघे निघालो, पुढे प्रशिक्षक. दार उघडलं तर तो शेतकरी अंग चोरून उभा. मला पाहताच म्हणाला, "ब्रदर, लई येळ झाला. पोरगी वाट बघत आसंल. फोन कुठं हाय?"

"पोझिशन घ्या," प्रशिक्षक म्हणाले.

माझ्या वाट्याचा डावा हात माझ्यासमोरच होता. मी तो धरला नाही. खिशातला मोबाईल काढून त्याला दिला.

"हां, बाळा," तो म्हणाला. "न्हाई, कुठं न्हाई गेल्तो. जेवलीस का?"

उजवा हात आणि दोन्ही पाय नेमून दिलेले तिघेजण भिंतीला टेकून ऐकत राहिले.

समारोपाच्या भाषणात प्रशिक्षकांनी जाहीर केलं की आजच एक हिंसक रुग्ण आपण शास्त्रशुद्ध पद्धतीने आटोक्यात आणला. टाळ्या पडल्या. डॉक्टर शेजारच्यांना हळूच म्हणाले, "मग त्याला शनिवारी सोडायला नको."

ते ऐकून मी उठलो. "सर, तो हिंसक नव्हता. त्याला लेकीला फोन करायचा होता. किल्ली इथे हॉलमध्ये होती."

सिस्टरांनी पर्स मांडीवर ओढून घेतली. मी नियम मोडून रुग्णाला स्वतःचा मोबाईल दिला, सबब मी अनुत्तीर्ण, असं प्रशिक्षकांनी माईकवरूनच सांगितलं. डॉक्टर मात्र उठले आणि गळ्यातल्या सत्काराच्या शालीसकट वॉर्डाकडे गेले.

त्या रविवारी मी बाईंना पत्र लिहिलं.

'आदरणीय बाई,
सादर नमस्कार.
या वेळी फलकासाठी फोटो पाठवत नाही. प्रशिक्षणात मी नापास झालो. दाराशी उभ्या असलेल्या माणसाला काय हवंय ते ऐकून घेतलं, म्हणून. उरलेले सगळे पास आहेत. ज्यांनी केस विस्कटले तेसुद्धा.
तो माणूस काल घरी गेला. भाऊ न्यायला आला होता. स्टँडवरून त्याने लेकीला पुन्हा फोन लावला, या वेळी भावाच्या मोबाईलवरून.
पुढच्या महिन्यात तेच प्रशिक्षक 'रुग्णाशी संवाद' शिकवायला येणार आहेत. सत्काराच्या शाली आजच आणून ठेवल्यात. मीही तयारी केली आहे. डॉक्टरांना विचारून कपाटाची दुसरी किल्ली करून घेतली. ती आता वॉर्डातच राहील.
आपला विद्यार्थी.'