निवळ राहिलेल्या बाटल्या

ऐंशीच्या दशकात सातिवलीच्या एका लहान कारखान्यात मला पहिली नोकरी लागली. तिथे रुग्णांना लघवीसाठी घालायच्या रबरी नळ्या बनत. रबराला फार उष्णता सोसत नाही, म्हणून पाकीटबंद नळ्या लोखंडी पेटीत ठेवून, आत विषारी वायू सोडून निर्जंतुक करायच्या. त्यातल्या काहींचे तुकडे मी पोषक द्रवाच्या बाटल्यांत टाकून उबदार कपाटात ठेवी. दोन आठवड्यांत द्रव गढूळ झाला, तर जंतू जिवंत. आमच्या बाटल्या नेहमी निवळ राहत. घरी वाडीत मी ते कौतुकानं सांगे.

तपासणीचं काम बघायला नव्यानं आलेल्या मॅडमनी एकदा त्या बाटल्या उजेडात धरल्या. "यात आता थोडे जंतू सोड."

"मुद्दाम?"

"अगं, सोड तर."

तेच जंतू मी तुकडे नसलेल्या, नुसत्या द्रवाच्या एका बाटलीतही सोडले; तिथे ते दुसऱ्याच दिवशी फोफावले. नळीचे तुकडे असलेल्या बाटल्या मात्र तशाच निवळ.

"रबरात वायू मुरलाय," मॅडम म्हणाल्या. "तो द्रवात उतरतो आणि काही वाढूच देत नाही. या बाटल्यांवरून आपल्याला काहीच कळलेलं नाही."

मग नळ्या बरेच दिवस हवेशीर खोलीत ठेवून पुन्हा तपासल्या. या वेळी एक बाटली आपोआप गढूळ झाली. सूक्ष्मदर्शकाखाली बीजाणू दिसले, कवचात शिरून वर्षानुवर्षं निपचित पडून राहणारे. पेटीत पाकिटं दाटीनं भरल्यामुळे मधल्या पाकिटांपर्यंत वायू आणि ओलावा नीट पोहोचत नव्हता.

कारखान्याचे मालक शेठ भडकतील असं वाटलं होतं. त्यांनी एवढंच विचारलं, "आधीचा माल कुठे कुठे गेलाय?"

दुसऱ्या दिवशी ते स्वतः टेंपोतून निघाले. मलाही सोबत घेतलं. आगाशीच्या दवाखान्यातल्या सिस्टर म्हणाल्या, "आमची काही तक्रार नाही हो."

"तक्रारीची वाट बघायची नाहीये," असं म्हणत शेठ खोकी उचलू लागले. एक खोकं अर्धं रिकामं होतं.

"कुणाला ताप वगैरे आला होता का?" मी विचारलं.

"येतो की काहींना. आता तो नळीमुळे की आजारामुळे, कसं सांगू?"

त्यानंतर आम्ही पेटी सैल भरू लागलो आणि वायू आतपर्यंत पोहोचला का ते कळावं म्हणून मधल्या पाकिटात मुद्दाम बीजाणू लावलेली कागदी पट्टी ठेवू लागलो. पट्टीवरचे बीजाणू मेल्याची खात्री झाल्यावरच माल बाहेर जाई. मात्र त्या अर्ध्या खोक्यातल्या नळ्या ज्यांना घातल्या गेल्या, त्यांचं काय झालं ते आम्हाला कधीच कळलं नाही.