क्लच नसलेली गाडी

ती घटना मी विसरलेलो नाही, आणि विसरावी असे मला कधी वाटलेही नाही. तेव्हा मी चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. गुरांचे एक डॉक्टर आलापल्लीच्या बाजूला गेले ते परतलेच नाहीत, अशी तक्रार त्यांच्या पत्नीने दिली. डॉक्टरांचा डावा पाय पोलिओने अधू होता, म्हणून त्यांनी ऑटोमॅटिक गिअरची जुनी परदेशी गाडी घेतली होती. तिला क्लच नाही, त्यामुळे डाव्या पायाला कामच नाही. आमच्या भागात तशी दुसरी गाडी मी पाहिली नव्हती.

त्या वर्षांत जंगलात माणूस नाहीसा झाला की 'जंगलवाल्यांनी', म्हणजे नक्षलवाद्यांनी, 'नेला' म्हणून लोक मोकळे होत. आमच्यातलेही काही जण. बाई मात्र रोज येऊन ठाण्यातल्या बाकावर बसत.

खबर दिली ती डॉक्टरांच्या एका दोस्ताने. कोळसा खाणीतल्या अपघातात त्याचाही डावा पाय गुडघ्याखाली गेला होता. वडिलांची जुनी मोटार पुन्हा स्वतः चालवायची, हा त्याचा एकच ध्यास. तिचे मूळ इंजिन केव्हाच संपले होते. त्या जागी त्याने डॉक्टरांच्या गाडीच्या जातीचेच इंजिन बसवले आणि त्याला जुळणारा जुना ऑटोमॅटिक गिअरबॉक्स तो धुंडाळत होता. डॉक्टर त्याला चिडवायचे, "माही गाडी भंगारात गेली का गिअरबॉक्स तुलेच देतो."

एका भंगारवाल्याकडे तसा माल आल्याचे कळले, तेव्हा तो इंजिनच्या मापाचा पुठ्ठ्याचा साचा घेऊन गेला. बोल्टची भोके जुळली. लांबी जुळली. मग त्याने तेल पाहिले. ज्या गाडीतला हा गिअरबॉक्स ती कित्येक वर्षे पडून होती, असे भंगारवाला सांगत होता. पडून राहिलेल्या गाडीचे तेल काळपट होते, आणि हे तर लालभडक, स्वच्छ, म्हणजे गाडी कालपरवापर्यंत चालती होती.

तिथून तो थेट ठाण्यात आला. "साहेब, माह्या इंजिनाले असाच पाह्यजे होता. पण हा डॉक्टरचा हाय जी." गप्प राहिला असता तर त्याची मोटार महिन्याभरात रस्त्यावर आली असती.

भंगारवाल्याला चौकशीला आणले. पक्का माणूस. डॉक्टरांनी गाडी आपल्याला विकली आणि ते बसने हैदराबादला गेले, असे नवेच त्याने सुरू केले. "गाडी मीच चालवत आणली साहेब, आलापल्लीहून."

मारझोड करण्यापेक्षा चहा पाजून बोलू द्यावे, हे मला नेहमी फळले. मी म्हणालो, "कशी चालवली? दाखव बरं."

तो खुर्चीवर सरसावून बसला. हात स्टिअरिंगवर धरल्यासारखे केले, डावा हात गिअरवर नेला आणि सवयीने डाव्या पायाने फरशी दाबली.

"पायाने काय केलंस?"

"क्लच दाबला साहेब."

"त्या गाडीला क्लच कुठे आहे?"

त्याने स्वतःच्या पायाकडे पाहिले आणि पाय मागे घेतला. मग तो बोलला. चोरीचे सागवान ट्रकमध्ये भरताना डॉक्टरांनी त्यांना पाहिले होते. याने आणि ट्रक ड्रायव्हरने त्यांना तिथेच टायर काढायच्या लोखंडी टॉमीने मारले. गाडी हलवायला गेले, तर क्लच सापडेना. शेवटी ट्रकला बांधून ओढत आणली.

त्याने दाखवलेल्या जागी पंचांसमक्ष खणले. पोलिओच्या पायाला आधारासाठी बांधलेल्या लोखंडी पट्ट्यांवरून बाईंनी ओळख पटवली. त्या रडल्या नाहीत. एवढेच म्हणाल्या, "यायले तं पळताही आलं नसन."

दोघांना जन्मठेप झाली. कोर्टाच्या आदेशाने मुद्देमाल बाईंना परत द्यायचा होता. त्या दिवशी त्यांनी दोस्तालाही ठाण्यात बोलावून घेतले.

"भाऊ, गिअरबॉक्स घेऊन जा. यायनं तुमाले बोलून ठेवलं होतं."

तो बराच वेळ त्या लोखंडावर हात फिरवत राहिला. "वयनी, गाडी भंगारात गेली तं देईन, असं बोलला होता तो. भंगारात नाई गेली जी. त्याच्यासंगं तिलेही मारली. मले नाई नेववत." कुबडी सावरत तो बस स्टँडकडे निघून गेला.

नोकरीत मी पुष्कळ साक्षीदार पाहिले. खरे बोलताना बहुतेकांचे काही जात नव्हते. याचे मात्र सगळेच गेले, आणि जाणार हे ठाऊक असूनच तो माझ्या टेबलापर्यंत आला होता. वडिलांची मोटार पुढे त्याच्या अंगणातच उभी राहिली, नव्या इंजिनासकट. त्या रस्त्याने जाताना मी जीप थांबवायला सांगत असे. तो बाजेवर बसलेला असे. मी खाली उतरून त्याला सॅल्यूट करी आणि मगच पुढे जाई.