आप्पा गेल्यावर आई बोलेना

आमच्या घरी भेटायला आलेला माणूस एक तरी किस्सा टाकूनच जातो. आप्पा, म्हणजे माझे वडील, मागच्या मे महिन्यात गेले, तेव्हापासून हे असंच चाललंय. डोळे पुसत आत आलेला माणूस "एकदा काय झालं..." म्हणून सुरू होतो आणि जाताना हसत हसत चपला शोधतो. माझा धाकटा भाऊ राजू म्हणतो, "ताई, वही करायला पाहिजे." वही कसली, पोतं भरेल!

फक्त आई काही सांगत नाही. किस्सा सुरू झाला की ती उठून आत जाते. पंचेचाळीस वर्षं ज्यांच्याबरोबर काढली, त्यांच्याबद्दल एक शब्द नाही की हसू नाही. आप्पा जाताना हिचं हसणंपण घेऊन गेले की काय, अशी मला भीती वाटायला लागली होती.

*

आप्पा सोलापुरात टॉवेलच्या कारखान्यात फिटर होते. ज्याचा माग दुरुस्त करायचे, त्याला जेवायचं आमंत्रण देऊन यायचे आणि घरी सांगायला विसरायचे. एका रविवारी तीन कुटुंबं एकदम दारात! आईनं आतूनच डोळे वटारले. आप्पा शांतपणे दारात हात जोडून उभे राहिले.

"या या! आज आमच्यात नवीन पद्धत हाय. पाव्हण्यांनी सैपाक करायचा, घरच्यांनी जेवायचं!"

लोकांना चेष्टा वाटली. पण तासाभरात एक बाई भाकरी थापत होती, तिचा नवरा कांदा चिरता चिरता रडत होता आणि आमची आई खुर्चीत बसून वाढून घेत होती. जाताना त्या कांदेवाल्यानं विचारलं, "फिटरसाहेब, पुढच्या रविवारी भाजी कुठली आणू?"

*

मला बघायला पाहुणे आले होते. मी खाली मान घालून बसलेले. आप्पांनी मुलाला विचारलं, "पोहे कसे झालेत?"

"छान झालेत."

"मी केलेत. हिला येत न्हाईत. आता बोला!"

मामांनी कपाळाला हात लावला. मुलगा आणखी एक घास खाऊन म्हणाला, "मला येतात."

आप्पा ताडकन उठले. "ठरलं! तारीख काढा."

आजही रविवारचे पोहे आमच्याकडे हेच करतात. चांगले करतात. पण आप्पांसारखे होत नाहीत, हे आम्हा दोघांनाही माहीत आहे आणि आम्ही दोघंही बोलत नाही.

*

लग्नानंतर मी पुण्याला आले आणि फॅमिली ग्रुपवर आप्पांचं हवामान खातं सुरू झालं. रोज सकाळी व्हॉइस मेसेज. "सोलापूर त्रेचाळीस. आज कुणीबी भाईर पडू नका!"

एकदा रेकॉर्डिंग बंद करायचं राहिलं. अकरा मिनिटं! त्यात मेथीवालीशी "पेंडी वाळली की गं" म्हणून वाद होता, शेजारच्या कुत्र्याला केलेला उपदेश होता, मधेच एक बेसूर गाणं होतं आणि सगळ्यात शेवटी आप्पांचा घाबरा आवाज, "अगं, माझा मोबाईल कुटं दिसतोय का?"

त्यावर आई, "हातात हाय की तुमच्या!"

तो मेसेज मी अजून जपून ठेवलाय. ऑफिसला जाताना बसमध्ये लावते. आधी हसू येतं आणि मग आप्पांची इतकी आठवण येते की उतरायचा स्टॉप निघून जातो.

*

शेवटच्या आजारपणात मीठ, तिखट, तेल, सगळं बंद. तरी आप्पा हॉस्पिटलमध्ये खुशीत! डॉक्टरांना संशय आला. त्यांनी उशीजवळची चष्म्याची डबी उघडली, तर आत चष्मा नव्हताच. शेंगाची चटणी!

"आप्पा, चष्मा कुठाय?"

"डॉक्टरसाहेब, बघायचं तेवढं बघून झालं. आता खायचंच राहिलंय."

डॉक्टरांनी डबी बंद केली आणि होती तिथं ठेवून दिली. नंतर आठ दिवसांनी आप्पा गेले. डबी राजूच्या कपाटात आहे आणि तिला अजून लसणाचा वास येतो.

*

यंदा जानेवारीत मोडनिंबहून तात्यांचा, म्हणजे आमच्या धाकट्या चुलत्यांचा, हुरड्यासाठी फोन आला. आई म्हणाली, "तुमी जावा. मला न्हाय यायचं." मग तात्या स्वतःच गाडी घेऊन आले आणि "वैनी, तुमी न्हाय आला तर आगटीच पेटवत न्हाय" म्हणून दारात बसून राहिले. आई आली.

शेतात आगटीभोवती सगळे बसलो. तात्या निखाऱ्यात भाजलेली कणसं चोळून हुरडा पुढं करत होते. तेवढ्यात आई म्हणाली, "लगीन झालं त्या साली म्या सोलापुरात गड्ड्याच्या जत्रंत हारवले हुते."

आम्ही एकमेकांकडं बघितलं. हे आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं!

"तितं माईकवाला म्हनला, बाई, मालकाचं नाव सांगा, पुकारतो. आता नवऱ्याचं नाव कसं घ्यायचं? आमच्यात नाव फकस्त उखाण्यात. तर त्यानं माईकच माझ्या हातात दिला. मग घेतला उखाणा."

"कुठला?" राजूनं विचारलं.

आईनं पदर सारखा केला. "गड्ड्याच्या गर्दीत चुकली वाट, हणमंतरावांनी सोडला माझा हात!"

तात्यांच्या हातातलं कणीस खाली पडलं.

"सगळी जत्रा हासली. पर ह्यांचा पत्ता न्हाय. दुसऱ्यांदा घेतला. न्हाय. तिसऱ्यांदा घेतला, तवा आले."

"इतका येळ कुटं हुता दादा?" तात्या म्हणाले.

"त्या माईकवाल्याच्या मंडपामागंच हुबे हुते की! पयल्या खेपेलाच आलते. म्या लई भांडले. तर म्हनले, 'आज तीनदा नाव ऐकून घेतलं. उद्यापासनं परत 'अहो'च हाय!'"

आणि आई हसली. पदर तोंडाला लावून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. आम्ही सगळेच हसत होतो आणि रडतही होतो.

मग ती उठली, ज्वारीकडं तोंड करून उभी राहिली आणि मोठ्यानं हाक मारली, "हणमंतराव!"

कणसांवरची पाखरं उडाली. तिनं जरा वाट बघितली आणि परत हाक मारली, "हणमंतराव!"

तिसरी हाक मात्र तिनं मारली नाही. खाली बसली आणि तात्यांना म्हणाली, "हुरडा करपाय लागलाय, बघा की."