शुक्राची बदनामी

माझी मुलगी शुक्र ग्रहाच्या वातावरणावर संशोधन करते. नेवाशाचं एक स्थळ तिला बघायला आलं, तेव्हा मुलाच्या वडिलांनी पोहे खाता खाता पत्रिकेचा निकाल सांगितला, "मुलीचा शुक्र बलवान आहे. संसार सुखाचा होणार." हे गृहस्थ शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेले. मग कौतुकाने तिला म्हणाले, "तू शुक्राचाच अभ्यास करतेस ना? सांग की चार शब्द."

तिने सांगितले. तिथे शिसं वितळेल इतकी उष्णता आहे, हवेचा दाब आपल्या नव्वदपट आहे आणि ढग सल्फ्युरिक ॲसिडचे आहेत.

मुलाच्या आईने बशी खाली ठेवली. "अगं बाई, शुभ कामात असलं बोलतात का?"

"लग्नानंतर हे बंद करावं लागेल," वडील म्हणाले. "ज्या ग्रहामुळे घरात सुख येतं, त्याची बदनामी आमच्याकडे चालायची नाही."

मी आकड्यांचा माणूस. नव्वदपट या आकड्यात बदनामी कुठे बसते, ते मला आजही समजलेलं नाही.

मुलगा नागापूरच्या एका कारखान्यात बॉयलर सांभाळणारा इंजिनिअर. दाब म्हणजे काय, हे त्या खोलीत तिच्याखालोखाल त्यालाच कळत होतं. तिने त्यालाच विचारलं, "मी काम सोडावं असं तुम्हालाही वाटतं?"

"पप्पा म्हणतील तसं," तो मोबाईलकडे बघत म्हणाला.

"मग राहू द्या," ती म्हणाली आणि बशा उचलू लागली. मी त्यांना फाटकापर्यंत सोडायला गेलो. चहाचा आग्रह मात्र केला नाही.