शनिवारचे गाव

आज साड्यांचे कपाट उघडले आणि तो ऊबदार, कोरडा वास अंगावर आला. श्रावणातल्या लोणावळ्यात कोरडा वास ही चैनच. वलवणच्या धरणावरून सरकत आलेले धुके खिडकीच्या गजांतून घरात शिरते, उशा जड होतात, मिठाला पाणी सुटते, चपलांवर हिरवी लव येते. म्हणून इथे घरोघरी एका लोखंडी कपाटात पिवळा बल्ब लावून ठेवतात, आणि जे जे जपायचे ते त्याच्या उबेला जाऊन बसते. साड्या, लोकरीचे कपडे, लग्नाचे फोटो, पापडांचा डबा. गेल्या पावसाळ्यात मी त्यात आणखी एका वस्तूची भर घातली होती. मुलांनो, ती गोष्ट तुम्ही हसत हसत सगळ्यांना सांगितली आहेच. पण त्या हसण्याआधीची वेळ मला अजून आठवते, म्हणून लिहिते आहे.

त्या उन्हाळ्यात तुम्ही दोघे मामे-आतेभावंडे एकाच वेळी इथे आला होतात, थोरला टोरांटोहून आणि धाकटी जर्मनीहून. माझ्या संगणकावरच्या खेळात तुम्ही ठोकळ्याठोकळ्यांनी एक गाव वसवलेत. इथल्या नागफणीच्या कड्यासारखा सुळका, त्याच्या पायथ्याशी धरण, धरणाच्या भिंतीवरून जाणारी वाट. एकाच खुर्चीत अर्धे अर्धे बसून दुपारभर भांडत होतात. जाताना थोरल्याने अशी सोय केली, की गाव माझ्याच संगणकावर राहील आणि शनिवारी संध्याकाळी मी तो सुरू केला की तुम्ही आपापल्या देशांतून त्यात उतराल. "आजी, होस्ट तू," तो म्हणाला. सारी नोकरी शाळेची वेळापत्रके लावण्यात गेलेल्या बाईला असे काम मिळाले तर आणखी काय हवे? मी शेजारी भाजी निवडत बसे आणि तुमची बडबड ऐके. धाकटीला तिकडच्या नव्या शाळेत अजून भाषा येत नव्हती, दिवसदिवस ती गप्प असे. तोंडभर बोलायची ती फक्त या गावात.

श्रावण लागला आणि गावाची वाट बंद झाली. दोघे आत यायचात, चार पावले चालायचात, मग उचललेला पाय तसाच हवेत राहायचा आणि जोडणी तुटल्याची पाटी झळकायची. एक शनिवार गेला, दुसरा गेला. तिसऱ्या शनिवारी फोनवर आपण तिघे व्हिडिओ कॉलला बसलो आणि थोरल्याने माझी तपासणीच घेतली. सगळ्यांकडे खेळाची आवृत्ती एकच आहे ना? आहे. संगणकाच्या सुरक्षेने खेळाला परवानगी दिली आहे? दिली आहे. राऊटरमध्ये खेळासाठी ठेवलेला मार्ग मोकळा आहे? मोकळा आहे. मी शाळेत साहेबांना द्यावीत तशी ठाम उत्तरे देत होते. आणि धाकटी, जी एरवी मध्ये मध्ये बोलल्याशिवाय राहत नाही, ती ऐकत होती फक्त.

"त्याला खेळायचंच नसेल," ती अखेर म्हणाली. "त्याचे तिकडे मित्र आहेत. सरळ सांग ना मग."

"ए बावळट, सुट्टीच्या दिवशी सकाळी उठून बसलोय मी."

"मग जा, झोप."

तिचा फोन छताकडे वळला. बिघाड यंत्राचा होता, पण तो आता माणसांत उतरू लागला होता. आणखी एक शनिवार असाच गेला असता तर ती पुन्हा आली नसती, हे मला त्या छताकडे पाहताना स्वच्छ कळले.

"आजी, शेवटचं एक," थोरला थकून म्हणाला. "राऊटरवर कोणते दिवे लागलेत ते बघ."

"त्याला किल्ली आणावी लागेल."

"कसली किल्ली?"

"कपाटाची."

"आजी, राऊटर कपाटात आहे?"

"साड्यांच्या. बल्बजवळ ठेवलाय, दमटपणानं बिघडू नये म्हणून."

सूचना कुरवंड्याहून कामाला येणाऱ्या आपल्या मावशींची. "बाई, लय दमट हाय. त्या डबीला बुरशी लागंल, साड्यांसंगं ठिवा की," त्या म्हणाल्या, आणि मला ते इतके पटले की दाराच्या फटीतून वायर ओढून, खाली रुमाल अंथरून मी ती डबी आत नीट बसवली आणि कपाट लावून घेतले. संगणक पलीकडच्या खोलीत. मध्ये एक भिंत आणि पोलादाचे दार. फोन मोबाइलच्या रेंजवर चालत होता, त्यामुळे मला कशाचाच संशय आला नाही.

छताकडे वळलेल्या फोनमधून फिस्सकन हसू फुटले. "पैठणी नेसवलीस का त्याला?"

"इरकल," मी म्हटले. "पैठणी लग्नाकार्याला."

डबी संगणकाशेजारी आली. बंद करून पुन्हा सुरू केल्यावर इंटरनेटवरचा आपला पत्ता बदलला होता. थोरल्याने सांगितले तिथून नवे आकडे शोधून मी वाचून दाखवले. थोड्या वेळाने धरणाच्या भिंतीवर दोन छोट्या आकृत्या उभ्या राहिल्या, आणि पाटी न झळकता चालू लागल्या. कोणी कोणाला सॉरी म्हटले नाही. "माझा गहू वाळला असणार," धाकटी म्हणाली. "बघ तरी आधी," तो म्हणाला. गहू तिने सोडला होता तसाच होता, गुडघाभर, हिरवा. थोरल्याने मला समजावले, की या गावात कोणी नसले की तिथला काळ थांबतो. कोणी आत आले की पुढे चालू लागतो.

यंदा तुमचे शनिवार विरळ झाले आहेत. थोरल्याच्या परीक्षा आहेत. धाकटीला भाषा येऊ लागली, मैत्रिणी मिळाल्या. हे तिने मला काहीशा ओशाळलेल्या आवाजात सांगितले, जणू तिची चूक झाली होती. बाळा, हा बिघाड नव्हे. ज्यासाठी मी तेव्हा किल्ली शोधत धावले, ते तुला मिळाले आहे. मध्यंतरी तुम्ही दोघांनी पेरलेला गहू मात्र तसाच उभा आहे. गेल्या शनिवारी सवयीने संगणक सुरू केला तेव्हा मनात आले, आत जाऊन तो पाहून यावा. मला जाता येते, थोरल्याने शिकवले आहे. पण मी आत गेले की काळ चालू होईल आणि गहू पिकेल. नाही गेले. तेवढा एक गहू राहू दे गुडघाभर. तुम्ही वाढताच आहात.