रऊफभाईंच्या पाईपातलं भोक

फोन आला तेव्हा माझ्या चिमटीत माशांचा दाणा होता. रऊफभाईंना नागपूरच्या दवाखान्यात नेऊन अकरा दिवस झाले होते. घरची सगळी माणसं तिकडे आणि वणीतल्या त्यांच्या घराची किल्ली माझ्याकडे. रोज सकाळी जायचं, पुढच्या खोलीतल्या काचेच्या टाकीचा दिवा लावायचा, त्यातल्या दोन नारिंगी माशांना खाऊ घालायचं, एवढंच माझं काम. पलीकडून त्यांचा मेव्हणा म्हणाला, ‘‘वामनभाऊ, भाई गेले.’’ मी ‘बरं’ म्हणालो. बरं काय म्हणालो, कुणास ठाऊक... मासे वर येऊन तोंडाची उघडझाप करत होते. मी दाणा टाकला, त्यांनी खाल्ला, आणि मग मी तिथेच फरशीवर बसून लहान पोरासारखा रडलो.

रऊफभाई आणि मी एकाच कोळसा खाणीत पाणी उपसायच्या खात्यात होतो. ते माझ्याहून आठ वर्षांनी मोठे, मला हातात पाना धरायला शिकवणारे. खाणीत पाणी झिरपतच असतं. ते मोटरींनी वर फेकायचं आणि नाल्यात सोडून द्यायचं, यात आमचा जन्म गेला. ज्या माणसानं उभी हयात पाणी बाहेर काढण्यात घालवली, त्यानं निवृत्त झाल्यावर घरात समुद्र भरायचं मनावर घ्यावं, याची मी फार टिंगल केली आहे. झालं असं की, निवृत्तीनंतर ते भाभींना घेऊन कोकणात गेले आणि ओहोटीच्या वेळी खडकातल्या एका डबक्यात त्यांनी जिवंत समुद्रफूल पाहिलं. पाणी हललं की ते डोलायचं, थांबलं की मिटायचं. ‘‘दोन घंटे उभे राह्यले तिथं,’’ शमीमभाभी सांगतात, ‘‘मी म्हनलं, गाडी चुकते, तरी हलेनात.’’

परत आल्यावर त्यांनी पुढच्या खोलीच्या फरशीवर खडूनं नकाशा काढला. वर काचेची मोठी टाकी, तिच्याखाली कपाटात दुसरी लहान टाकी. वरच्या टाकीतलं पाणी काठावरून सांडून खाली यायचं, गाळून स्वच्छ व्हायचं, आणि मोटरनं पुन्हा वर जायचं. ऐकायला सोपं. पण त्या खडूच्या रेघा त्यांनी महिनाभर पुसल्या आणि काढल्या. खाली येणारे पाईप दोन, कारण एक चोंदला तर दुसरा असावा. कोपर कमीत कमी, कारण प्रत्येक वळणावर मोटरचा दम जातो. वर जाणाऱ्या पाईपाचं तोंड टाकीच्या पार तळाशी, म्हणजे तळाचा गाळ उठेल. मी मोठ्या ऐटीत खाणीतल्यासारखा पितळी कॉक घेऊन गेलो, तर त्यांनी तो माझ्याच खिशात परत घातला. ‘‘वामन्या, पितळ मारते समुद्रातल्या जिवाईले. खाऱ्या पान्यात तांबं सुटते. इथं सारं पिलास्टिक.’’ मी म्हणालो, ‘‘भाई, तुमी मोटरवाले का डॉक्टर?’’ ते हसले. त्यांच्या हसण्यात तेव्हापासूनच खोकला मिसळलेला असायचा.

एक वाक्य मात्र ते सारखं म्हणायचे. ‘‘मोटर चालू असताना पाईप पाहून काई फायदा नाई. बंद झाल्यावर पाह्य.’’ मला वाटायचं, म्हातारपणी माणसं म्हणी तयार करतात, त्यातलीच ही एक. टाकी पहिल्यांदा भरून तपासली त्या आठवड्यात मी लेकीकडे बाभुळगावला होतो. आलो तेव्हा मिठाचं पाणी फिरत होतं, नागपूरच्या एका शौकिनानं स्वतःच्या टाकीत वाढवलेला प्रवाळाचा कोंब दगडावर लागला होता, आणि रऊफभाई खुर्ची टाकून समोर बसले होते. वणीच्या उन्हाळ्यात, कूलर माणसांऐवजी टाकीकडे वळवून! तीन वर्षांत त्या कोंबाचा तळहाताएवढा झुबका झाला. भाभी आधी करवादायच्या. मग नारिंगी जोडी आली आणि त्यांनीच तिला नावं दिली, राजा आणि रानी.

आता ते सांगतो, जे सांगायला मी हा लेख लिहायला बसलो.

दवाखान्यात मी त्यांना शेवटचं भेटलो तेव्हा नाकाला नळी होती आणि चार शब्दांमागे एक श्वास. तरी त्यांनी माझ्याकडून पेन मागून घेतलं. एक्स-रेच्या पाकिटाच्या पाठीमागे टाकी काढली, खालचे दोन पाईप काढले, मोटर काढली. मग वर जाणाऱ्या पाईपाच्या वरच्या वळणाशी पेन नेलं आणि म्हणाले, ‘‘इथं पाह्य... हे लय...’’ आणि खोकल्याची उबळ आली. मी त्यांच्या हातातून पेन काढून घेतलं. म्हणालो, ‘‘भाई, दम कायले घालवता? मले पाईप शिकवता काय आता? तीस वर्षं तेच केलं.’’ त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मान हलवली आणि डोळे मिटले. मला वाटलं, पटलं त्यांना. मी प्रेमानंच बोललो होतो हो... पण त्या प्रेमात ऐट होती, हे आज कळतं.

दफन झालं, तिसऱ्या दिवसाची फातेहा झाली, पाहुणे पांगले. शमीमभाभी मला म्हणाल्या, ‘‘भाऊ, टाकी बंद नोका करू. तिचा आवाज थांबला तं घर खायले उठीन मले.’’ मी शब्द दिला. एरवी दाण्यापुरतंच सरकवायचो ते टाकीचं झाकण त्याच दिवशी अख्खं उचलून पाहिलं, तर वर जाणाऱ्या पाईपाच्या वळणाला पाण्याच्या पातळीशी एक बारीक भोक, आणि त्यातून पाण्याची सुईसारखी धार. त्या धारेनं झाकणाला, मागच्या भिंतीला पांढऱ्या मिठाचे थर बसले होते. खाणीत मोटर बंद पडली की पाणी उलटं येऊ नये म्हणून खाली झडप असते, ते काम तिचं. वरच्या पाईपाशी आम्हा लोकांचा धर्म एकच, गळती दिसली की बुजव. मी मोटर थांबवली, भोक पुसून कोरडं केलं, पुट्टी मळून गच्च लिंपलं, आणि पुट्टी धरताच मोटर लावून दिली. धार बंद. भिंतसुद्धा पुसून काढली. भाभींना म्हणालो, ‘‘भाईंच्या नजरेतून सुटलं होतं, म्या दुरुस्त केलं.’’

त्यानंतर दहाव्या दिवशी, बहीण आजारी म्हणून, भाभी सकाळीच पांढरकवड्याला तिच्याकडे गेल्या. दुपारी वावटळ उठली आणि वीज गेली. चार वाजता घरी परतताच त्यांचा फोन आला. शब्द नव्हते, नुसतं ‘भाऊ, भाऊ’. मी धावत गेलो तर ओसरीपर्यंत पाणी. मोटर बंद पडल्याबरोबर वरच्या टाकीतलं पाणी त्याच पाईपानं उलटं ओढलं गेलं होतं, खालची टाकी भरून फरशीवर वाहत राहिलं होतं. पाईपाचं तोंड तळाशी, म्हणून वर उरलं होतं चार बोटं पाणी. प्रवाळाचा झुबका उघड्या दगडावर ओल्या चिंधीसारखा लोंबत होता. राजा तळाच्या पाण्यात आडवा, एक कल्ला हलत होता. रानी पाण्याबाहेर राहिलेल्या दगडाच्या खोबणीत, कोरडी. आम्ही दोघांनी तांब्यानं, पातेल्यानं, हाताला लागेल त्यानं खालच्या टाकीतलं पाणी वर ओतलं. भाभी ओतता ओतता म्हणत होत्या, ‘‘या अल्ला, हे तरी राहू दे.’’ अर्धं पाणी माझ्याच अंगावर सांडत होतं. तेव्हाही मला कळलं नव्हतं की हे कशानं झालं.

कळलं दुसऱ्या दिवशी. पाईप काढून उजेडात धरला, पुट्टी खरवडली आणि भोक दिसलं. त्याची कड गोल कानशीनं घासून गुळगुळीत केलेली होती. फुटलेल्या पाईपाला अशी कड नसते. ते भोक रऊफभाईंनी पाडलं होतं. मोटर थांबली, पाणी बोटभर उतरलं की त्या भोकातून हवा आत शिरावी, ओढ तुटावी आणि बाकीचं पाणी जागच्या जागी राहावं म्हणून. खाऱ्या पाण्यात मिठानं झडप अडकते, म्हणून त्यांनी झडपेवर भरवसा ठेवला नव्हता. पेन तिथेच नेलं होतं त्यांनी. शेवटला दम त्यासाठी राखून ठेवला होता, आणि मी त्यांना दम वाचवायला सांगितलं.

झुबका चार दिवसांत विरघळला. मी रोज मिठाचं नवं पाणी कालवत होतो, रोज थोडं बदलत होतो, आणि रोज तो थोडा कमी होत होता. राजा राहिला. भाभींनी एकदाच विचारलं, ‘‘त्याईनं तुमाले सांगतलं नवतं का हो, या भोकाचं?’’ मी म्हणालो, ‘‘सांगायले टाइम भेटला नाई त्याईले.’’ भाभींनी पदर डोळ्यांना लावला. त्या आजही त्यांनाच दोष देत असतील, एवढी मोठी गोष्ट सांगितली नाही म्हणून. मेलेल्या माणसावर मी माझी चूक ढकलली. तोंडानं कबूल करायला उंबऱ्यापर्यंत तीनदा गेलो आणि चहा पिऊन परत आलो. पेपरची ही पुरवणी त्यांच्या घरी येते. भाभी, त्यांनी सांगायला घेतलं होतं. मी ऐकलं नाही.

भोक आता मोकळं आहे. मीठ साचून ते बुजतं, म्हणून दर जुम्म्याला नमाजाच्या वेळी मी जातो आणि दात कोरायच्या काडीनं ते साफ करतो. मग मोटरचं बटण बंद करून उभा राहतो. पाणी बोटभर उतरतं, धार थांबते, आणि ते भोक हवा ओढून घेतं, ‘सुर्र’ असा लांब आवाज करत... दवाखान्यात चार शब्दांमागे भाई श्वास ओढायचे, अगदी तसाच. तो संपेपर्यंत मी आता मध्ये बोलत नाही.