खाऱ्या पाण्याचे खासदार

"तुमी पिता ते द्या."

गावात जीप थांबली की डॉक्टरसाहेबांचं पहिलं वाक्य हेच. नमस्कार नंतर, भाषण त्याच्याही नंतर.

आमचे खासदार बंगाली होते. रेल्वेचे डॉक्टर म्हणून अकोल्यात आले, नोकरी सोडून दवाखाना काढला, आणि लोकांनी त्यांना उचलून दिल्लीला पाठवलं. मी त्यांची जीप चालवायचो. रस्ते असे, की खड्डा चुकवला तर दुसऱ्या खड्ड्याला वाईट वाटायचं.

पूर्णेकाठचा आमचा भाग खारपाणाचा. विहिरीचं पाणी इतकं खारट, की त्यात डाळ शिजत नाही. म्हणून पाहुणा आला की लोक लांबून बैलगाडीनं आणून ठेवलेलं गोडं पाणी काढतात. घरचे मात्र खारंच पितात. डॉक्टरांना हे कळलं तेव्हापासून त्यांनी गोड्या पाण्याला हात लावला नाही. खारा ग्लास रिकामा करायचे आणि तोंड वाकडं न करता म्हणायचे, "चांगलं हाय." चहात दूध फाटलं तर म्हणायचे, "आमच्या बंगालात मुद्दाम फाडतात." अहो, स्वतः डॉक्टर! शेवटी मुतखडा झालाच. दिल्लीत कोणी विचारलं तर सांगायचे, "मतदारसंघ सोबत आणला आहे."

एका गावच्या बौद्धपुऱ्यात भागाबाई राहायची. लोकांच्या शेतात तण काढायला, निंदणाला जायची आणि खासदाराला अरेतुरे करायची.

"तुले काय पानी प्यायले दिल्लीले पाठवलं का रे? नळ कवा आनशीन?"

"आनतो ना माय."

नळासाठी त्यांनी जिवाचं रान केलं. एकदा भागाबाईच्या विहिरीचं पाणी बाटलीत भरून दिल्लीला नेलं आणि एका मंत्र्यांना त्या पाण्याचा चहा पाजला. मंत्री थुंकले. डॉक्टर म्हणाले, "माझे लोक गिळतात." मंत्र्यांनी ताबडतोब फाईल मागवली. ती येते आहे.

तेवढ्यात निवडणूक आली. समोरचा उमेदवार प्रत्येक सभेत एकच सांगायचा, "हा बंगाली पाव्हना हाय. आज हाय, उद्या कलकत्त्याले जाईन." मुतखड्यानं कधी कण्हले नाहीत ते डॉक्टर या एका शब्दानं कण्हले. जीपमध्ये मला म्हणाले, "भाऊ, मी अजून पाव्हनाच काय रे?" मी गिअर बदलला.

ते निवडणुकीत पडले. नळ आला नव्हता, लोक कंटाळले होते. त्यांचं तरी काय चुकलं?

दुसरा माणूस दार लावून बसला असता. यांनी नव्या खासदारांना जीपमध्ये बसवलं आणि थेट भागाबाईच्या अंगणात आणलं. विहीर दाखवली. "आता नळाचं याईच्याकडं," एवढंच म्हणाले.

भागाबाईनं आतून पितळी पेला आणून नव्या खासदारांना दिला. ते घटाघटा प्याले आणि म्हणाले, "वा! पाणी तर छान गोड आहे."

डॉक्टरांनी हात पुढे केला. "माय, तुमी पिता..."

"मालूम हाय," म्हणत तिनं विहिरीच्या पाण्याचा ग्लास त्यांच्या हातात ठेवला. मग नव्या साहेबांकडे वळून म्हणाली, "तुमाले गोड देलं, तुमी पाव्हने. हा घरचा हाय."

डॉक्टरांनी ग्लास तोंडाला लावला. त्यांचे डोळे गळत होते, आणि ते पुसायचं भान त्यांना नव्हतं.

"आज लय खारं हाय वो माय."

"रोजचंच हाय," भागाबाई म्हणाली.

ते कलकत्त्याला गेले नाहीत. पुढच्या उन्हाळ्यात अकोल्यातच वारले. नळ आला तो त्यानंतर बऱ्याच वर्षांनी. मी गेलो तेव्हा भागाबाईनं नळाखाली ग्लास धरला आणि मला दिला. पाणी गोड होतं. मी विहिरीचं मागितलं.